शिवलेल्या होडीचा तळ

इतिहासात आरमारे गाजतात, सरदार गाजतात. होडीचा सांधा बुजविणाऱ्या कारागिराची आठवण कोणी ठेवीत नाही. परंतु समुद्रावर माणसाचे प्राण अखेर त्या सांध्यावरच अवलंबून असतात, याकडे आम्हांस आपले लक्ष वेधावयाचे आहे.

आपल्या किनाऱ्यावर पूर्वी कित्येक होड्या खिळ्यांनी ठोकीत नसत, काथ्याच्या दोरीने शिवीत. दोन फळ्या कडेस कड लावावयाच्या, फटीवर काथ्या दाबून बसवावयाचा आणि वरून टाके आवळावयाचे. मग भोके बुजवून राळ व तेल चोपडावयाचे. लाकूड भिजून फुगले म्हणजे फट आणखी मिटे. तरीही तळात पाणी येईच.

तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि ती धोक्याची ठरविली. हा निवाडा एकांगी होता. मद्रासला बंदर बांधण्यापूर्वी माणसे व माल किनाऱ्यास आणीत ते शिवलेल्या मसुला होड्यांतूनच. लाटेने वाळूवर आपटली की ताठ होडी फुटे. मसुला लवे, थोडी पाझरे आणि तरून जाई. पाझरलेले पाणी उपसावयाचे, एवढेच.

२०२५ साली आपल्या नौदलाने कारवारला ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज ताफ्यात घेतले. त्याचा घाट अजिंठ्याच्या चित्रावरून घेतला. शिवण मात्र चित्रावरून शिकता येत नाही. ती केरळच्या कारागिरांच्या हातांत शिल्लक होती, म्हणूनच हे जहाज पाण्यावर उभे राहिले.