गाडीच्या वेळेला लागणारं स्कॅनिंग

पोलादपूरला एसटी स्टँडजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचं दुकान आहे. उमरठ, कापडे, साखर अशा गावांतून माणसं सकाळच्या गाडीने उतरतात, तहसील कचेरीत जातात, मग माझ्याकडे येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. ती गाडी चुकली की उरलेला दिवस स्टँडवरच्या बाकड्यावर जातो. आमच्या धंद्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात अँटीव्हायरसला जागा द्यावीच लागेल, कारण कित्येकांची ती गाडी त्याने चुकवली आहे.

मी हे काम महाडला बाजारपेठेत शिकले. तिथल्या जुन्या कारागिरांनी डॉसचा काळ पाहिलेला. तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून यायचा. 1992 साली मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसने जगभर धास्ती घातली. 6 मार्चला मशीन चालू केलं की तो हार्ड डिस्कवरचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. त्यावर उपाय म्हणजे स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं, तपासणी करायची आणि ती संपली की कामाला लागायचं. तपासणी आणि काम यांची गाठच पडत नसे. याच काळात साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून संगणक दुरुस्तीत आले आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ग्राहकांच्या मशीनवरचे व्हायरस काढायला प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं. 1995 मध्ये नोंदलेल्या त्यांच्या कंपनीने 2007 मध्ये क्विक हील हेच नाव घेतलं आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. दुरुस्तीच्या टेबलावरून अँटीव्हायरस निघाला, याचा आम्हा दुकानदारांना अभिमान वाटतो.

विंडोज आलं आणि पहारेकरी कायमचा मशीनमध्ये राहायला आला. उघडाल ती फाइल तो आधी बघणार, शिवाय ठरलेल्या वेळी सगळी डिस्क चाळणार. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, गावोगावची मुलं संगणकाला हात लावू लागली, आणि त्यांच्या पेनड्राईव्हमधून ऑटोरन व्हायरस दुकानोदुकानी फिरले. फोल्डरसारखं दिसणारं चित्र, क्लिक केलं की प्रोग्रॅम. अँटीव्हायरसशिवाय गत्यंतर नव्हतं.

घोळ वेळेचा होता. पूर्ण स्कॅनची आयती ठरवून दिलेली वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची असे. मोठ्या शहरातल्या ऑफिसात मशीन रात्रभर चालू राहतं, तिथे ते ठीक. आमच्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच खाली. त्यामुळे रात्रीचं स्कॅन राहून जाई, आणि बऱ्याच अँटीव्हायरसांत राहिलेलं स्कॅन मशीन पुन्हा चालू झालं की आपोआप सुरू होई. म्हणजे नेमकं सकाळी, गिऱ्हाईक दारात असताना. लोडशेडिंगच्या वर्षांत तर आणखी हाल: वीज आली, मशीन चालू केलं की स्कॅनिंग लागलंच. माउस सरकत नाही, अर्जाचं पान उघडत नाही, प्रिंट निघत नाही. कडेला उभी असलेली म्हातारी विचारायची, "ताई, व्हईल ना माजं? गाडी सुटंल." तिला काय सांगणार?

एवढं का अडायचं, तेही सांगते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर वाचणारी सुई इकडून तिकडे सरकते. स्कॅन हजारो फाइली मागतं, आपला अर्ज एकच मागतो, आणि सुई दोघांमध्ये धावत राहते. प्रोसेसर मोकळा दिसला तरी डिस्कपाशी रांग लागलेली. विंडोज एक्सपीत पडद्यामागच्या कामाला डिस्कसाठी मागे थांबवायची सोयच नव्हती. ती 2007 मध्ये व्हिस्टात आली: स्कॅनला सर्वांत खालचा क्रम आणि समोर बसलेल्याचं काम आधी. पण आमच्याकडची मशीनं एक्सपीवरच चालत राहिली, थेट एप्रिल 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेईपर्यंत आणि त्यानंतरही.

या अडचणीवर बाजारात एक वाईट चाल रूढ झाली. मशीन स्लो झालं म्हणून कोणी आणलं की दुरुस्ती करणारा अँटीव्हायरस बंद करून द्यायचा. मशीन पळायचं, गिऱ्हाईक खूश. मग एखादा पेनड्राईव्ह लागायचा आणि शाळेचे निकाल, पतपेढीच्या याद्या, लग्नपत्रिकांच्या फाइली सगळंच धोक्यात. दुसरे काही जण एकावर एक दोन अँटीव्हायरस घालायचे. ते एकमेकांच्याच फाइली तपासत बसायचे. मला या दोन्ही गोष्टींचा राग येतो, अजूनही येतो, कारण दोन्हीत भुर्दंड मशीन घेणाऱ्याला पडतो.

महाडच्या ज्या कारागिरांकडून मी शिकले ते असं करत नसत. त्यांची पद्धत साधी: दुपारी जेवणाला शटर अर्धं ओढतो तेव्हा मशीन चालू ठेवायचं आणि स्कॅनची वेळ तीच लावायची. रोज झटपट तपासणी, पूर्ण तपासणी आठवड्यातून एकदा, बाजार थंड असेल त्या दिवशी. राहिलेलं स्कॅन सुरुवातीलाच लावण्याची खूण काढून टाकायची. पेजमेकर आणि कोरलच्या स्वतः बनवलेल्या जुन्या जड फाइलींचं फोल्डर तपासणीतून वगळायचं, पण डाउनलोडचं आणि पेनड्राईव्हचं कधीही नाही.

22 जुलै 2021 रोजी सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या ओळखीच्या दुकानांतली मशीनं चिखलात गेली. पुन्हा उभं राहताना त्यांनी घेतली ती बहुतेक एसएसडीची. त्यात फिरती चकतीही नाही आणि सुईही नाही, त्यामुळे डिस्कपाशी लागणारी ती जुनी रांग जवळजवळ संपली. आता अडतो तो प्रोसेसर आणि कमी पडते ती रॅम. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरमध्ये ठरलेल्या वेळच्या स्कॅनने प्रोसेसर सरासरी किती वापरावा याची मर्यादा मुळात 50 टक्के असते. ती 20 वर आणता येते, आणि मशीन मोकळं असतानाच स्कॅन सुरू करावं असंही सांगता येतं. स्कॅनला वेळ जास्त लागतो, लागू द्या.

महाड-पोलादपूरला नवं ऑनलाइन सेवेचं दुकान टाकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पहिल्याच दिवशी स्कॅनची वेळ स्वतः लावा, आपल्या जेवणाच्या सुट्टीची. मशीनमध्ये अँटीव्हायरस एकच ठेवा आणि कोणी कितीही घाई केली तरी तो बंद करू नका. तुमच्या मशीनमध्ये लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची पासबुकं आहेत.