टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन : एका घरगुती प्रयोगाचा इतिहास

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढारसारख्या गावी ‘कचरा’ आणि ‘सरपण’ हे शब्द पूर्वी परस्परविरोधी नव्हते. शेणाची गोवरी होई, उसाचे चिपाड गुऱ्हाळाच्या चुलाणात जाई. प्लॅस्टिकने हा संबंध तोडला. तो पुन्हा जोडण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्रात विशेष उल्लेखनीय ठरतात. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांचा प्रकल्प २००५ साली बुटीबोरी येथे उभा राहिला. पुढे पुण्यात मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांनी घरातील प्रेशर कुकरवर प्रयोगास आरंभ केला; त्याची परिणती जेजुरीच्या प्रकल्पात झाली.

दोहोंचे तत्त्व एकच. पॉलिथिलीन हवेविना सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्याच्या दीर्घ साखळ्या तुटतात आणि बाष्प थंड केल्यावर तेल मिळते. उत्प्रेरक असल्यास कमी उष्णता पुरते. तथापि त्यात पीव्हीसी मिसळल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. गळती झाल्यास बाष्प पेट घेते. कुकरातून निघालेला प्रयोगही अखेर घराबाहेरच स्थिरावला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. निवड घराने करावी, भट्टी मात्र गावाची असावी, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.