खापरपणजोबांचं गाव कोणतं?

१८६० सालचा जून. ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर. कालव्यावरचा पूल ओलांडून तुम्ही जर्मन वस्तीत शिरता. या कालव्यालाच लोक गमतीनं 'ऱ्हाइन' म्हणतात. एका दारात शिरगणतीचा कारकून वही उघडून उभा आहे. त्याला उत्तरं देणारा सुतार म्हणजे तुमचे खापरपणजोबा. जन्म कुठला? "व्युर्टेमबर्ग." कारकून तेवढंच टिपतो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. जर्मनी एक देश व्हायला अजून ११ वर्षं आहेत. तुमच्या हाती एक अख्खं राज्य लागलं, पण गाव नाही.

पाच वर्षं मागे जा. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, जुन्या किल्ल्याच्या गोल इमारतीत, कॅसल गार्डन हे स्थलांतरितांचं केंद्र ऑगस्ट १८५५ मध्ये नुकतंच उघडलंय. बोचकी, पेटारे, रडणारी पोरं. गर्दीतून वाट काढत तुम्ही कप्तानाच्या यादीत डोकावता. १८१९च्या कायद्यानं मागितलेली माहिती त्यात आहे: नाव, वय, धंदा, देश. गाव कुणी विचारलेलंच नाही.

आणखी मागे, ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर. शिडाचं जहाज सुटायच्या बेतात आहे. इथल्या यादीवर भिस्त ठेवू नका. ब्रेमेनच्या जुन्या याद्या पुढे जागेअभावी नष्ट केल्या जाणार आहेत. खापरपणजोबा हॅम्बुर्गहून निघाले असते तर बरं झालं असतं. तिथल्या १८५० पासूनच्या बहुतेक याद्या टिकल्या.

आता पुन्हा सिनसिनाटी, साल १८५७. ल्युथरन चर्चमध्ये त्यांच्या थोरलीचा बाप्तिस्मा चाललाय. पाद्री स्वतः जर्मन. तो आई-बापांच्या नावांपुढे गाव लिहितो, आईचं माहेरचं आडनाव लिहितो, धर्मपित्याचंही नाव लिहितो. तो धर्मपिता त्याच गावचा, त्याच जहाजानं आलेला.

त्या धाग्यानं तुम्ही व्युर्टेमबर्गमधल्या एका खेड्यात पोचता. १८०८ पासून इथल्या प्रत्येक चर्चला कुटुंबनोंदवही ठेवावी लागते. एका घराला एक पान. आई-बाप, मुलं, जन्म, लग्नं, मृत्यू. टोकदार, तिरप्या जर्मन वळणाच्या अक्षरांत तुम्ही बोट फिरवता. धाकट्या मुलापुढे मृत्यूची तारीख नाही, फक्त एक शेरा: अमेरिकेला गेला.

तरी लगेच हुरळून जाऊ नका. एकाच नावाची गावं जर्मनीत कितीतरी आहेत, आणि योहान नावाची माणसं तर घरोघरी. जन्मतारीख, आई-बापांची नावं आणि अमेरिकेला गेल्याचा शेरा, तिन्ही जुळले तरच गाव पक्कं माना. शोधाची सुरुवात मात्र जर्मनीत करू नका. आधी अमेरिकेतलं त्यांचं चर्च गाठा, त्यांच्या शेजाऱ्यांची आणि मुलांच्या धर्मपित्यांची नावं उतरवून घ्या. सरकारला देश पुरेसा होता, गाव विचारलं ते पाद्र्यानं.