बंदरातलं जेवण: काय बदललं, काय नाही?

मुंबईत परदेशी जेवण कुठे खायचं, असं कुणी विचारलं की आपण बहुतेक वेळा बीकेसी किंवा लोअर परळचं एखादं नवं हॉटेल सांगतो. पण मुंबई हे बंदर आहे. इथलं जुनं परदेशी जेवण माणसांबरोबर, बोटीतून आलं. म्हणून तुम्हाला तीन पत्ते देतो आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारतो: मूळ पदार्थातला कोणता घटक इथे बदलला? प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. एक घटक बदलायचा आणि काय होतं ते बघायचं.

पहिला पत्ता, तुमच्या गल्लीतली बेकरी. पाव आपल्याला इतका घरचा वाटतो की तो परदेशी आहे हेच आपण विसरतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांना गव्हाची रोटी फुगलेली हवी होती, पण युरोपातलं खमीर इथे नव्हतं. मग गोव्याच्या पोदेरांनी माडी वापरली. माडाच्या पोयीतून निघणारा रस गोड असतो. त्यात यीस्ट आपोआप शिरतं आणि साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. हाच वायू पीठ फुगवतो. सोबतचे जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, म्हणून पावाला किंचित आंबूस चव येते. म्हणजे इथे खमीर बदललं, पाव टिकला. पुढे गोव्याच्या बेकऱ्यांनी तो मुंबईत रुजवला.

दुसरा पत्ता, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ सालचं. जाल तर दुपारीच जा. ही जमीनसुद्धा बंदराचीच देणगी आहे: अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खोदताना निघालेली माती समुद्रात टाकून ती तयार केली. सुरुवातीला इथे इंग्रज साहेबांसाठी मिळमिळीत जेवण बनायचं. आजचा प्रसिद्ध बेरी पुलाव नंतरचा. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने त्याची कृती इराणहून आणली. मसाला मुंबईचा झाला, पण झेरेश्क ही आंबट बेरी मात्र इराणचीच राहिली. तिला पर्याय शोधलाच नाही.

तिसरा पत्ता जरा अवघड आहे, कारण तिथे खायला काहीच मिळत नाही. माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर सी यूप कून हे चिनी मंदिर आहे, १९१९ साली बांधलेलं. गोदीवर काम करणारे चिनी खलाशी आसपास राहायचे. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना, मुख्यतः आसाम आणि बंगालमधल्या, राजस्थानातल्या देवली छावणीत डांबलं गेलं. संशय सगळ्यांवरच होता. मुंबईतलीही अनेक कुटुंबं पुढे देश सोडून गेली.

आणि नेमकं त्यानंतर, १९७५ मध्ये, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन बनवलं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही फोडणी आपलीच. फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. चीनमध्ये हा पदार्थ नाही. इथे मात्र तो प्रत्येक नाक्यावर पोचला.

तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. पदार्थ टिकायला एखादा घटक बदलला तरी चालतं. माणसांचं गणित वेगळं असतं. पोदेर राहिले, इराणी राहिले, कारण त्यांना राहू दिलं गेलं. चिनी कुटुंबांच्या बाबतीत आपण पदार्थ ठेवून घेतला आणि माणसांना परकं ठरवलं.

पुढच्या वेळी गाडीवर मंचुरियन खाल, तेव्हा एक दिवस माझगावलाही जाऊन या. मंदिर छोटं आहे, जिना चढून वर जावं लागतं. चिनी नववर्षाला गेलात, तर तिथे अजूनही दिवे लागलेले दिसतील.