घरच्या केकची कुळकथा

सकाळच्या कॉफीबरोबर किंवा रात्रीच्या जेवणाअखेर पाहुण्यांपुढे घरी भाजलेला केक ठेवणे ही आता आपल्याकडेही अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही. श्रोतेहो, आपण इंदुरास असा, बडोद्यास असा की दिल्लीच्या एखाद्या सरकारी वसाहतीत असा, शेजारून व्हॅनिलाचा वास आला म्हणजे त्या घरी कोणाचा तरी वाढदिवस आहे, हे न सांगता समजते. गृहिणी केक कापते, पाहुणा कापलेल्या कडेवरची जाळी निरखतो आणि म्हणतो, “काय छान फुगला आहे!” पुरणपोळीची स्तुती तिच्या मऊपणावरून होते, चकलीची तिच्या काट्यावरून, केकची मात्र फुगण्यावरून. तेव्हा केकचा इतिहास म्हणजे, थोडक्यात, पिठात वायू कसा कोंडावा या प्रश्नाचा इतिहास होय. तो वायू कोणाच्या मनगटाच्या बळावर कोंडला गेला, हा त्यातलाच दुसरा प्रश्न. आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा.

‘केक’ हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या ‘काका’ या शब्दावरून. आपल्या काकांशी त्याचे काही नाते नाही. प्रारंभी केक आणि पाव यांत फारसे अंतर नव्हते. बिअर गाळताना वर येणारा आंबलेला फेस पिठात मिसळायचा, त्यात लोणी, मध वा साखर, मनुका घालायच्या, की गोड पाव तयार, तोच केक. असे केक सणासमारंभाचे असत, आणि त्यांचे आकारमानही समारंभास साजेसे असे. अमेरिकेत 1796 साली प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स हिच्या पाकशास्त्रात, त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत, निवडणुकीच्या दिवशी करावयाच्या केकची कृती आहे. त्यात 10 पौंड लोणी, 14 पौंड साखर, 12 पौंड मनुका आणि 3 डझन अंडी सांगितली आहेत. मतदारांचे तोंड गोड करण्याची प्रथा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

यीस्टवाचून केक फुगविण्याची युक्ती युरोपात त्यापूर्वीच रूढ झाली होती. ती युक्ती म्हणजे अंडे. अंडे फेटले की त्यातील प्रथिनांचे धागे उलगडतात व हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. भट्टीच्या उष्णतेने ती हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ तिला साहाय्य करते, आणि त्याच उष्णतेने भोवतीचे जाळे घट्ट होऊन बसते. हे शास्त्र कोणास ठाऊक नसतानाही कृती मात्र पूर्ण ठाऊक होती. हॅना ग्लास या इंग्रज बाईचे पाकशास्त्र 1747 साली लंडनमध्ये निघाले. त्या काळच्या रीतीस अनुसरून पुस्तकावर तिचे नाव नव्हते. ‘एका स्त्रीने लिहिलेले’ एवढाच उल्लेख होता. त्यात पौंड केकची कृती आहे: लोणी, साखर, पीठ प्रत्येकी एक पौंड, बारा अंडी, पण पांढरा बलक फक्त सहांचा, आणि हे सारे मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने फेटत राहावयाचे. किती वेळ? एक तास!

हा एक तास मला फार बोलका वाटतो. ग्लासबाईंनी आपले पुस्तक घरातील चाकरमाणसांना समजावे म्हणून सोप्या भाषेत लिहिल्याचे प्रस्तावनेत सांगितले आहे. म्हणजे तासभर फेटणारा हात मालकिणीचा नव्हता. तो मोलकरणीचा होता. दिवाणखान्यात ज्या केकवरून घराची प्रतिष्ठा ठरे, त्याची हलकी जाळी माजघरातील एका नाव नसलेल्या मुलीच्या खांद्यातून उतरलेली असे.

या श्रमातून सुटकेचा पहिला मार्ग लाकडाच्या राखेतून निघाला. राख पाण्यात कालवून, ते पाणी आटवून जो क्षार मिळतो तो पोटॅश; तो तापवून शुद्ध केला की होतो पर्लॅश. अमेरिकेत जंगले तोडून शेते करण्याचे काम चालू होते, तेव्हा राखेला तोटा नव्हता. अमेरिकन सरकारने दिलेले पहिलेच पेटंट, दिनांक 31 जुलै 1790 चे, हा क्षार तयार करण्याच्या सुधारलेल्या रीतीस सॅम्युअल हॉपकिन्स याला मिळाले, आणि त्यावर अध्यक्ष वॉशिंग्टन यांची स्वाक्षरी होती. सिमन्सबाईंच्या पुस्तकात हाच पर्लॅश पीठ फुगविण्यासाठी वापरलेला आढळतो. आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. पापडखार काय करतो, हे त्या जाणून होत्या.

मात्र नुसता क्षार जिभेला साबणासारखा लागतो. त्याला आंबट पदार्थाची जोड हवी. मग दोहोंच्या संयोगाने कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ वर येते. आंबट दूध हा घरगुती उपाय, पण त्याचा आंबटपणा रोज सारखा कोठून असणार? या अडचणीतून पुढची वाट बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनविक्रेत्याने काढली. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. अंड्यासाठी त्याने 1837 साली अंड्यावाचूनची कस्टर्ड पावडर केली, आणि यीस्टसाठी 1843 साली बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल एकाच पुडीत, आणि दोघांनी वेळेपूर्वी भांडू नये म्हणून मध्ये कोरडे पिष्ट. एका पतीने पत्नीच्या पथ्यासाठी केलेल्या या खटाटोपाचे ऋण पुढे अर्ध्या जगाच्या स्वयंपाकघरांवर आहे.

आम्लासाठी लागणारे क्रीम ऑफ टार्टर मद्याच्या पिंपांत साचलेल्या थरापासून मिळे. अमेरिकेला ते युरोपातून आणावे लागे व महाग पडे. हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 साली त्याऐवजी हाडांपासून केलेल्या फॉस्फेटचे पेटंट घेतले. जर्मनीत बीलेफेल्ड येथील औषधविक्रेता आउगुस्ट ओटकर याने 1891 साली नेमक्या एक पौंड पिठाला पुरेल अशी छोटी पुडी दहा फेनिगला विकावयास काढली. शोध त्याचा नव्हता. पण मापाची चिंता त्याने मिटविली. दरम्यान, 1870 साली अमेरिकेत टर्नर विल्यम्स याने दोन चक्रे परस्परांविरुद्ध फिरणाऱ्या अंडे फेटण्याच्या हातयंत्राचे पेटंट मिळविले होते. अशा रीतीने ग्लासबाईंचा तास काही मिनिटांवर आला, आणि ज्या घरात मोलकरीण नाही त्या घरातही केक होऊ लागला. ‘घरचा केक’ ही वस्तू सर्वसामान्यांच्या घरी खऱ्या अर्थाने जन्मली ती येथे.

कॉफीशी त्याची गाठ घातली ती मुख्यतः जर्मन भाषा बोलणाऱ्या लोकांनी. तिसऱ्या प्रहरी कॉफी आणि केक घेण्यासाठी स्त्रियांनी एकमेकींकडे जमावयाचे, ही तिकडची जुनी रीत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला ही कॉफी खुपत असे. परक्या देशात पैसा जातो, प्रजेने आपली बिअर प्यावी, असे त्याचे म्हणणे. 1781 साली त्याने कॉफी भाजण्याचा अधिकार सरकारकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांचा माग काढण्यासाठी, रस्त्याने वास घेत हिंडणारे लोक नेमले. त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्या बिचाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटते. राजाच्या मृत्यूनंतर ही मक्तेदारी टिकली नाही. कॉफी टिकली आणि केकही टिकला.

व्हिएन्नात या केकचे दोन नमुने प्रसिद्ध आहेत. एक गुगलहुप्फ. त्याच्या उंच साच्याच्या मध्यभागी पोकळ नळी असते. शोभेसाठी नव्हे, तर जाड पिठाच्या पोटापर्यंत आच पोचावी म्हणून. दुसरा झाखर टोर्टे हा चॉकलेटचा केक. फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या उमेदवाराने तो 1832 साली मेटर्निखच्या घरी केला, असे सांगतात. जर्दाळूचा मुरंबा केकच्या मधोमध घालावा की केवळ वरच्या चॉकलेटखाली, आणि ‘मूळ’ हा शब्द कोणी वापरावा, यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल हे मिठाईचे दुकान यांच्यात न्यायालयीन वाद कित्येक वर्षे चालला. तो 1963 साली तडजोडीने मिटला. ‘मूळ’ हा शब्द हॉटेलकडे गेला.

भट्टीचाही वाटा आहेच. आच बरोबर आहे की नाही, हे पूर्वी भट्टीत हात धरून किंवा कागदाचा तुकडा किती वेळात करपतो ते पाहून ठरवीत. इंग्लंडमध्ये 1923 साली आपोआप उष्णता सांभाळणारी गॅसची शेगडी निघाली आणि ती हातची पारख मागे पडली. पुढे अमेरिकेत पाणी घातले की झाला, अशी केकची तयार भुकटी आली. तिच्या एका उत्पादकाला 1930 ते 1935 च्या दरम्यानच उमगले की अंड्याची भुकटी घालण्यापेक्षा ताजे अंडे गृहिणीला स्वतः घालू द्यावे. तिला ते अधिक रुचते. श्रम नको होते हे खरे. पण आपला हात लागल्यावाचून पदार्थ आपला होत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या देशात, मलबारातील तलश्शेरी येथे मंबल्ली बापू या बेकरीवाल्याने ब्राऊन नावाच्या मळेवाल्यासाठी 1883 च्या नाताळात केक केला आणि ब्रँडीऐवजी स्थानिक मद्य वापरले, अशी कथा सांगतात. गोव्यात तर बेबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यांची आच देऊन भाजण्याची रीत जुनी. महाराष्ट्रातील अनेक घरांत मात्र अडसर भट्टीचा नव्हता. तो अंड्याचा होता.

आमच्या साताऱ्याच्या घरी माझ्या दहाव्या वाढदिवशी आईने केक केला. कुकरच्या तळाशी वाळूचा थर, शिट्टी व रबर काढलेले, आणि वर तेलाचा हात फिरविलेला डबा. अंडी स्वयंपाकघरात आणावयाची नव्हती, म्हणून तिने ती परसात बसून वेगळ्या पातेल्यात फेटली. केक सुरेख झाला. आजी काही बोलली नाही; माळ घेऊन देवघरात बसून राहिली आणि त्या रात्री जेवली नाही. आईनेही केक तोंडात घातला नाही. तो गोड घास माझ्या घशात अडकल्याचे मला अजून आठवते.

पुढच्या वर्षी आईने अंड्याऐवजी आंबट दही आणि खाण्याचा सोडा घेतला. आजी दाराशी उभी राहून पाहत होती. दह्यात सोडा पडताच फसफसून फेस आला, तशी ती म्हणाली, “अगं, हे तर मलाही ठाऊक आहे!” मग नानखटाईसाठी शेगडीवर वर-खाली निखारे कसे ठेवीत, हे ती सांगत बसली, आणि केक झाल्यावर तिने पहिला तुकडा स्वतः मागून घेतला. बर्मिंगहॅमच्या त्या रसायनविक्रेत्याने आपल्या पत्नीसाठी जे केले, तेच आईने तिला त्याचे नावही ठाऊक नसताना सासूसाठी केले होते.

अलीकडे एका रविवारी मी मुलीसमवेत ग्लासबाईंचा केक करावयास बसलो. यंत्र वापरावयाचे नाही, असे ठरविले होते. वीस मिनिटांत माझे मनगट भरून आले आणि मी घड्याळाकडे पाहिले. त्या नाव नसलेल्या मुलीची चाळीस मिनिटे अजून उरली होती. आई शेजारीच बसली होती. परसात बसून तिने अंडी किती वेळ फेटली होती, हे मी तिला तेव्हा प्रथमच विचारले.