माळेचा झोळ आणि पडद्यावरची रेषा

नाताळच्या विजेच्या रोषणाईचा इतिहास बहुधा दिव्यांच्या अंगाने सांगितला जातो. माळ ज्या रेषेत लोंबते, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा ८० दिव्यांनी झाड उजळले, तेव्हा प्रत्येक दिवा तारेला हाताने जोडावा लागला होता. १९०३ च्या सुमारास तयार माळा अमेरिकेच्या बाजारात आल्या आणि वायरमनचे हे काम हळूहळू घरमालकाच्या हाती गेले. माळेचा आकार मात्र तेव्हाही कोणी आखत नसे, कारण झोळ किती सोडायचा एवढेच माणसाने ठरवायचे आणि बाकीचे गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे, अशी रीत होती.

ही आपोआप पडणारी रेषा गणितज्ञांना चांगलीच जड गेली होती. बारीक साखळी दोन खिळ्यांना टांगून परवलय (फेकलेल्या दगडाच्या मार्गाचा वक्र) काढता येईल, असे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सुचवले; साखळीची रेषा परवलय नसल्याचे योआखिम युंगियुस याने दाखवले; आणि याकोब बर्नुली याने १६९० मध्ये घातलेल्या कोड्याला पुढच्याच वर्षी लायब्निट्स, हायगेन्स आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान यांनी उत्तरे दिली. केवळ स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या साखळीच्या या वक्राला कॅटेनरी म्हणतात.

माळ संगणकाच्या पडद्यावर आखणाऱ्या रोषणाईच्या सॉफ्टवेअरने आपली रेषा या परंपरेतून घेतली नाही; ती मोटारींच्या कारखान्यांतून आली. गाडीच्या पत्र्याची गोलाई यंत्राला आकड्यांत सांगता यावी म्हणून सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी पुढील दशकात एकच पद्धत स्वतंत्रपणे शोधली. सित्रोएनने ती गुप्त ठेवल्याने नाव बेझिए यांचे झाले. या बेझिए वक्राची दोन टोके ठरलेली असतात आणि रेषेबाहेरचे नियंत्रक बिंदू तिला आपल्याकडे ओढतात. १९८० च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आणि इलस्ट्रेटर हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर यांच्याबरोबर हा वक्र चित्रकारांच्या संगणकांवर आला, आणि एक्सलाइट्ससारख्या मोफत रोषणाई-सॉफ्टवेअरमध्येही सरळ तुकडे जोडून काढलेल्या रेषेचा एखादा तुकडा वाकवताना हेच बिंदू माउसने ओढावे लागतात.

अख्खी माळ एका स्विचवर पेटत होती, तोवर तिचे चित्र ढोबळ असले तरी बिघडत नसे. प्रत्येक दिव्यापाशी स्वतंत्र चिप असलेल्या एलईडी माळा आल्यावर मात्र दिव्यांवरून सरकणारी लाट नीट दिसावी म्हणून कोणता दिवा नेमका कुठे आहे, हे सॉफ्टवेअरला कळणे भाग पडले. खरी अडचण इथे आहे. तीन बिंदूंचा साधा बेझिए वक्र म्हणजे परवलयच असतो, आणि उथळ झोळात परवलय व कॅटेनरी यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. म्हणजे गॅलिलिओची युक्ती इथे खुशाल चालते. पण वक्राचे गणित ज्या चलावर चालते, त्याचे समान भाग पाडून दिवे मांडले, तर ते तारेवर समान अंतराने बसत नाहीत. १० फुटांच्या अंतरात ३ फूट झोळ असेल, तर तळाशी दिवे दाटतात आणि टोकांशी त्यांच्यातले अंतर जवळजवळ दीडपट होते. म्हणून वक्राचे बारीक सरळ तुकडे पाडून, त्यांच्या लांबीची बेरीज करीत दिवे मांडावे लागतात. तीच बेरीज अंदाजपत्रकालाही लागते, कारण या उदाहरणात माळ १० नव्हे, सुमारे १२ फूट लागते.

अंगणात रांगेने उभ्या केलेल्या कमानींची गोष्ट वेगळी आहे. त्या प्लास्टिकची नळी वाकवून आणि तिची टोके जमिनीत ठोकलेल्या सळ्यांवर बसवून केलेल्या असतात. तिथे आकार ठरतो तो नळीच्या ताठरपणाने. वाकवलेल्या लवचिक पट्टीच्या या वक्राचा अभ्यासही याकोब बर्नुलीने १६९४ मध्ये प्रसिद्ध केला होता, तरी पडद्यावर कमान सहसा अर्धवर्तुळाचीच काढली जाते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला तेवढे पुरते.