शहीद कोणाला म्हणावे?

आम्ही पुसदची माणसे. पोलीस म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर आधी बंदोबस्त उभा राहतो. गणपती असो की मोहरम, चौकात खाकी वर्दी असतेच. त्याहून जुनी आठवण १० जुलै १९३० ची. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. तेव्हाचा शिपाई आपल्याच मातीतला, पण हुकूम परक्याचा. अशा खात्यातल्या माणसाला हुतात्मा म्हणायची सवय आपल्या लोकांना, हिंदू असोत वा मुसलमान, उशिराच लागली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे हरवलेल्या साथीदारांच्या शोधात निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. पोलीस मुख्यालयांत स्मृतिस्तंभासमोर मानवंदना होते आणि वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावे वाचली जातात. २०१८ साली याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. तिथल्या भिंतीवर चौतीस हजारांहून अधिक नावे कोरली आहेत.

या सर्वांना आपण 'शहीद' म्हणतो. शब्द अरबी आहे. त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. आपल्या घरात तो करबलाच्या आठवणीने येतो. म्हणूनच तो कोणाला लावायचा, याची जबाबदारी आपल्यावर थोडी जास्तच आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत या शब्दाची कसोटी लागली. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, पण मारेकरी जिवंत सापडला आणि कटाचा जिवंत पुरावा न्यायालयासमोर आला. साक्ष याहून वेगळी काय असते? त्याच रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि आणखी अनेक पोलीस गेले. करकरे आपल्या विदर्भाचे. नागपुरात शिकलेले, चंद्रपूरला पोलीस अधीक्षक राहिलेले. मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा तपास ते करत होते, म्हणून आपल्या मोहल्ल्यांत त्यांचे नाव आदराने घेतले गेले. त्या खटल्यातील सातही आरोपी २०२५ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. पण करकऱ्यांची आठवण कोणत्या निकालावर अवलंबून ठेवू नये. ज्याचा तपास आपल्याला बरा वाटला, तेवढाच शहीद, हा हिशेब चुकीचा आहे.

या पोलिसांचे स्मारक आधी मरीन ड्राइव्हवरील पोलीस जिमखान्यात झाले. तिथून जवळच, मरीन लाइन्सला मुसलमानांचे बडा कब्रस्तान आहे. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना तिथे जागा द्यायला जुम्मा मशिदीच्या ट्रस्टने साफ नकार दिला. निरपराधांना मारणारा आमच्यातला नाही, असे त्यांनी सांगितले. वर्षाहून अधिक काळ ती प्रेते जे. जे. रुग्णालयात पडून होती. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप दफन केली. त्या बकरी ईदला अनेकांनी दंडावर काळी फीत बांधून नमाज अदा केली. एका बाजूला कोरलेली नावे, दुसऱ्या बाजूला नाकारलेली माती. आम्हाला वाटते, दोन्ही मिळून ते स्मारक पुरे होते.

पोलिसांविषयी आपल्या तक्रारी नाहीत असे नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात त्या लिहिलेल्या आहेत आणि त्या मांडत राहिलेच पाहिजे. पण तक्रार जिवंत खात्याशी असते, कर्तव्यावर गेलेल्या माणसाशी नसते. २२ जून २०१७ च्या रात्री, शबे कद्रला, श्रीनगरच्या जामा मशिदीबाहेर बंदोबस्तावर असलेले पोलीस उपअधीक्षक मोहम्मद अय्यूब पंडित जमावाच्या हातून मारले गेले. मारणारे आणि मरणारा एकाच कलम्याचे. तिथे शहीद कोण, हे सांगायला आपण का अडखळावे?

येत्या २१ ऑक्टोबरला आपल्यापैकी चार जणांनी तरी मानवंदनेला जावे. नावे वाचली जातील, ती ऐकावीत. त्यांत अनेक नावे आपल्या ओळखीच्या वळणाचीही असतात.